परंड्याचा तट आणि गांवची राखण

महाराष्ट्रांतील किल्ले पाहावयास निघालेला प्रवासी बहुधा सह्याद्रीची वाट धरतो. सपाटीवरचे भुईकोट त्याच्या यादींत मागें पडतात. म्हणूनच धाराशिव जिल्ह्यांतील परंड्यास जाणारे थोडे. बार्शीहून निघालें म्हणजे ज्वारीच्या रानांतून तासाभरांत हें गांव येतें, आणि घरांच्या दाटींतूनच किल्ल्याचा काळा तट समोर उभा राहतो.

दुहेरी तटबंदी, भोंवतीं खंदक, वळणावळणाचा प्रवेशमार्ग, अजून जागोजाग पडलेल्या तोफा. शत्रूस अडविण्याचें शास्त्र किती बारकाईनें योजिलें होतें, हें येथें पाहावें. अहमदनगर पडल्यावर निजामशाहीचा दरबार कांहीं काळ येथेंच होता. विजापुरास लोक ज्या ‘मुलूख-इ-मैदान’ तोफेचें कौतुक करितात, ती १५४९ सालीं अहमदनगरास ओतली गेली, पुढें परंड्यास आली आणि १६३२ सालीं येथूनच विजापुरास नेली गेली. बाहेरून आणिलेलें बळ बाहेर जावयास वेळ लागत नाहीं, हेंच खरें.

तटावरून गांवाकडे पाहतां आमच्या मनांत आलें कीं, खंदकाला न जुमानणारे शत्रूही असतात. गढूळ पाणी, हगवण, धनुर्वात, अडलेलें बाळंतपण, ह्यांना कोणता बुरूज अडविणार? त्यांच्यावर पहारा ठेवणारें माणूस गांवांतलेंच हवें, आणि तें शिकलेलेंही हवें.

शिकण्याची एक थोर परंपरा ह्या तालुक्यास लाभली आहे. सीनेच्या काठीं डोमगांवास समर्थशिष्य कल्याणस्वामींचा मठ व समाधि आहे. आपल्या घरोघरीं वाचिल्या जाणाऱ्या दासबोधाची कल्याणांच्या हातची प्रत ह्याच मठांत जपली गेली. धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनीं १९०५ सालीं ग्रंथ छापिला तो तिच्याच आधारें. समर्थांचे बोल उतरून घेणारे हेच कल्याण उरमोडीचें पाणी हंड्यांतून सज्जनगडावर वाहून नेत, अशी कथा आहे. ज्ञान घेणारा हात आणि पाणी वाहणारा हात एकच होता, ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते.

परंड्याच्या उत्तरेस, शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत जामखेड आहे. तेथें ह्याच गोष्टीचा प्रत्यय येतो. १९७० सालीं डॉ. रजनीकांत आरोळे व त्यांच्या पत्नी डॉ. मेबल आरोळे ह्यांनीं तेथें ग्रामीण आरोग्याचें काम आरंभिलें. दोघेंही वेल्लोरला शिकलेलीं. शहरांत त्यांना काय उणें होतें? प्रथम त्यांनीं शिकलेल्या परिचारिका खेड्यांत ठेवून पाहिल्या. पण तें जमेना. तेव्हां गांवानेंच निवडलेल्या, बहुतेक निरक्षर अशा स्त्रियांना शिकवावयाचें ठरलें. ह्या स्त्रिया नेमानें जामखेडास येत, एकत्र राहत, एकत्र जेवीत, एकेक विषय शिकत आणि गांवीं परतून शेजारणींस सांगत. त्यांत दलित स्त्रिया पुष्कळ होत्या. सर्वांनीं एका पंक्तीस बसणें हाही एक धडाच होता. पिण्याच्या पाण्याच्या कूपनलिकाही दलित वस्तींत खोदविण्यांत आल्या. ज्यास पाणी हवें त्यानें तेथें यावें!

शिक्षण तरी कशाचें? गरोदर स्त्रीची देखभाल, धनुर्वाताची लस, बाळाचें वजन, सांडपाण्याचा शोषखड्डा. जुलाब होणाऱ्या मुलाचें पाणी तोडूं नये. उलट एक लिटर स्वच्छ पाण्यांत सहा लहान चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून तें घोट घोट पाजावें. ह्यांतील कशासही पदवी लागत नाहीं. विश्वास मात्र लागतो. प्रकल्पाच्या नोंदींप्रमाणें १९७१ सालीं जन्मलेल्या दर हजार बालकांपैकीं १७६ वर्षाच्या आंत दगावत. १९९६ च्या सुमारास हा आंकडा २६ वर आला.

ह्याच स्त्रियांपैकीं मुक्ताबाई पोळ १९८८ सालीं वॉशिंग्टनच्या एका परिषदेंत बोलावयास उभ्या राहिल्या. डॉक्टर हे सभागृहांतल्या झुंबरांसारखे, सुंदर पण महाग, असें त्यांनीं सांगितलें. आणि साधा दिवा दाखवून म्हटलें कीं, हा मात्र दुसरा दिवा पेटवूं शकतो.

असे दिवे धाराशिव जिल्ह्यांतही लागले. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरील अणदूर येथें हॅलो मेडिकल फाउंडेशननें खेड्यांतील स्त्रियांना आरोग्याचें शिक्षण देऊन ‘भारतवैद्य’ हें सार्थ नांव दिलें. २००५ सालीं सरकारनें ‘आशा’ ही योजना काढिली. साधारण हजार वस्तीस एक स्वयंसेविका. २०२२ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें ह्या आशांचा गौरवही केला.

परंतु गौरवानें पोट भरत नाहीं. आशाताईस ठराविक पगार नाहीं, कामाचा मोबदला आहे. २०२३ सालीं महाराष्ट्रांतील आशांना संप करावा लागला तो ह्याचसाठीं. आणि केवळ पैशाचाच प्रश्न नव्हे. शिकविणें मागें टाकून तिला नुसत्या वह्या भरावयास लाविलें, तर तिच्या हातीं वही राहील, दिवा राहणार नाहीं.

ह्यांत आपल्यासारख्या सुशिक्षित कुटुंबांचा वांटा कोणता? आशाताई दारीं आली कीं ‘आमचे डॉक्टर आहेत’ असें सांगून तिला उंबऱ्यावरूनच वाटेस लावण्याची रीत पुष्कळ घरीं दिसते. औषध देणारे डॉक्टर आपले असतील. परंतु साथ घर पाहून येत नाहीं, आणि शेजारच्या मुलास लस टोंचलेली नसली तर आपलेंही मूल पुरतें सुरक्षित नसतें. तिला घरांत घ्यावें, बसावयास द्यावें, आजोबांच्या मधुमेहाची नोंद करूं द्यावी, सुनेशीं दोन शब्द निवांत बोलूं द्यावे. मोठ्या घरानें मान दिला म्हणजे गल्लींतल्या चार घरांत तिचा शब्द चालतो. एवढें आपल्या हातीं खास आहे.