पिल्लू मोठे, पण आईचे काय?

वाचकहो, शेळी अडली की घरातल्या बाईची झोप कशी उडते, हे तुम्हांला मी काय सांगावे! दोन वर्षांपूर्वी पौषातल्या थंडीत आमची उस्मानाबादी शेळी रात्रभर कळा देत राहिली. तिसऱ्या वेताची, आधीच्या दोन्ही खेपांना जुळी करडे सुखरूप देणारी. त्या वेळी मात्र मी तिला घरचा बोकड न दाखवता मुद्दाम बोअर जातीच्या बोकडाकडे नेली होती. बोअर हा दक्षिण आफ्रिकेचा, मांसासाठीच जोपासलेला. करडू अंगाने भरेल, बाजारात दोन पैसे जास्त येतील, हा हिशेब माझाच. पहाटे डॉक्टरांनी करडू ओढून काढले, ते मेलेलेच. एकच, पण केवढे थोराड! शेळी मात्र वाचली. आत्याबाई तिला शेक देत बसल्या होत्या. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "करडाचं वजन मोजलंस बाई, शेळीची वाट नाही मोजलीस."

गेल्या दिवाळीला माझा भाचा आला. तो जनावरांच्या डॉक्टरकीचे शिक्षण घेतो. ही हकिकत ऐकून म्हणाला, "मावशी, आता बोकड बदलायचीसुद्धा गरज नाही. थेट जनुकच बदलतात. डुकरांत केलंय." मग मी त्याला सोडलेच नाही. भाकऱ्या थापता थापता सगळे विचारून घेतले. डुकराचे नाव वाचून पान उलटू नका. आज डुकरात जे चालले आहे, ते उद्या शेळी-मेंढीत येणार, किंबहुना आलेच आहे.

जनुक म्हणजे आईबापाकडून पिल्लात उतरणारी शरीराची लिखावट. त्यात मायोस्टॅटिन नावाचे एक जनुक असते. त्याचे काम वेसणीचे. स्नायू हवे तेवढे वाढले की ते त्यांना आवरते. ही वेसण काढली तर? अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी १९९७ साली उंदरांत ते जनुक बंद पाडले, तेव्हा उंदरांचे स्नायू दुपटीतिपटीने भरले. बेल्जियममधल्या बेल्जियन ब्लू जातीच्या गुरांत हा बदल निसर्गानेच झालेला आहे. त्यांचे पुठ्ठे असे फुगलेले की पाहत राहावे. पण त्या शुद्ध जातीची बहुतेक वासरे गाईचे पोट कापूनच काढावी लागतात. भाच्याने हे सांगितले आणि माझा तव्यावरचा हात थांबला.

आता डुकरांचे ऐका. पूर्वी शास्त्रज्ञ परक्या प्राण्याचे जनुक आणून घालत. नव्या पद्धतीत बाहेरचे काही न घालताही काम होते. असलेल्याच लिखावटीतले एखादे अक्षर नेमके कापायचे. दक्षिण कोरियातल्या सोल राष्ट्रीय विद्यापीठाचे जिन-सू किम आणि चीनमधल्या यानबियान विद्यापीठातले त्यांचे सहकारी यांनी याच रीतीने डुकरांतले मायोस्टॅटिन बंद पाडले आणि २०१५ साली ते जाहीर केले. अशा पेशींपासून क्लोनिंगने बत्तीस पिल्ले जन्माला घातली. मागचे पाय भरलेले, मांस जास्त, चरबी कमी. पण बत्तिसांतली आठ महिन्यांची होईतो जगली तेरा. बातमी छापून आली तेव्हा हयात होती दोन, आणि धडधाकट म्हणावे असे एकच. अंगाने मोठी म्हणून जन्मतानाच अडचण होते, हेही त्या शास्त्रज्ञांनीच सांगितले. सगळा दोष मायोस्टॅटिनचा नसेल, क्लोनिंगची पिल्ले तशीही पुष्कळ दगावतात. म्हणून त्यांचा बेत असा होता की अशा नरांचे रेत साध्या डुकरिणींना द्यायचे. मग पिल्लाला बापाकडून बिघडलेले जनुक मिळेल, आईकडून चांगले. मांस थोडे कमी, पण पिल्लू निकोप. हा विचार मला शहाणपणाचा वाटला.

याच्या आधीची गोष्ट तर फारच वाईट आहे. १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेतल्या बेल्ट्सव्हिलच्या सरकारी केंद्रात डुकरांत वाढीच्या संप्रेरकाचे जादा जनुक घातले होते, काहींत तर माणसाचे. डुकरांची चरबी कमी झाली, खाल्लेले अंगी लागू लागले. पण सांधे धरले, पोटात व्रण पडले, कित्येकांना धड चालवेना. कागदावर नफा, गोठ्यात लंगडे जनावर!

सगळेच असे नाही हो. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जनुक बदललेल्या एका डुकराला खाण्यासाठी मान्यता दिली. तो बदल मांस वाढवण्यासाठी नाही, रोगासाठी आहे. पीआरआरएस नावाच्या विषाणूने डुकरिणी गाभडतात, पिल्ले धापा टाकून मरतात. आपल्याकडे २०१३ साली मिझोराममध्ये तो आढळला. हा विषाणू ज्या दारातून पेशीत शिरतो, तेवढे दारच बंद केले आहे. इथे पिल्लाचे भले आणि आईचेही. असे काही शेळ्यांच्या देवीवर निघाले, तर मी पहिली रांगेत उभी राहीन.

आणि मे २०२५ मध्ये काश्मीरच्या शेर-ए-काश्मीर कृषी विद्यापीठाने मायोस्टॅटिन बदललेले मेंढीचे कोकरू जाहीर केले. स्नायू सुमारे तीस टक्क्यांनी वाढतील असे सांगतात. अभिमानाचीच गोष्ट आहे. पण उद्या असे नर किंवा त्यांचे रेत आपल्या माणदेशात, सोलापुराकडे आले, तर वजनाचा आकडा ऐकून भुलू नका. पहिलटकरीण मेंढी त्या कोकराने किती वेळा अडली, ते विचारा. ते कोकरू मोठे झाल्यावर कळपाबरोबर उन्हात चार-पाच कोस चालते का, तेही विचारा. विकणारा हसेल. हसू द्या.

आमची ती शेळी यंदा पुन्हा गाभण आहे, घरच्याच बोकडाची. आत्याबाईंनी पोटाला हात लावून दोन आहेत म्हणून सांगितले आहे. पौष लागला की कळेल.