वाट कुठे थांबते?

रस्ता कुठून निघतो आणि कुठे पोचतो, एवढे कळले की आपले समाधान होते. तो मध्येच कुठे थांबतो आणि का थांबतो, हे विचारण्याची आपल्याला सवय नसते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराभोवती फिरणारी एक वाट आहे. तिच्यावरून हिंडताना मात्र हाच प्रश्न पुन्हा पुन्हा मनात येतो.

'बे ट्रेल' हे तिचे नाव. पायी हिंडणाऱ्यांसाठी आणि सायकलस्वारांसाठी ती आखलेली आहे. नऊ काउंट्या आणि ४७ शहरे यांना जोडणारी, ५०० मैलांची ही वाट पुरी व्हायची आहे. पण ३५० मैलांहून अधिक भाग तयार झाला आहे. फ्रीमाँट-सनीव्हेलच्या बाजूला मराठी घरे इतकी, की रविवारी सकाळी या वाटेवर "अहो, जरा सावकाश चालवा!" असे कानांवर पडले तर दचकण्याचे कारण नाही.

या वाटेमागे मोठा इतिहास आहे. एके काळी हा उपसागर कडेने बुजवून त्यावर घरे, कारखाने आणि विमानतळ उभारण्याचा सपाटा चालला होता. १९६१ साली बर्कलीच्या तीन स्त्रिया, के कर, सिल्व्हिया मॅक्लॉफलिन आणि एस्थर ग्युलिक, या भराव्याविरुद्ध उभ्या राहिल्या. त्यांच्या चळवळीतून १९६५ साली भराव्याला आळा घालणारा सरकारी आयोग आला. पाणी वाचले, पण ते पाहायचे कुठून? सामान्य माणसाला मोकळा असा किनारा फारच थोडा होता. म्हणून १९८७ साली कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने वाटेचा आराखडा करण्याचा कायदा केला आणि १९८९ साली तो आराखडा मंजूर झाला.

खरी अडचण इथूनच सुरू होते. आपल्या कोकणातली खाजणे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ती चटकन उमजेल. उपसागराच्या कडेला भरतीच्या पाण्यावर जगणारी पाणथळ जमीन आहे. तिचा फार मोठा भाग गेल्या दीड-पावणेदोनशे वर्षांत मिठागरे, शेते आणि शहरे यांखाली गेला. उरलेल्या तुकड्यांत खारट, मांसल झुडपांच्या आडोशाने अंगठ्याएवढा एक उंदीर राहतो. या उपसागराच्या परिसराबाहेर तो जगात कुठेही नाही. पाणकोंबडीच्या कुळातला रिजवेज रेल हा लाजाळू पक्षीही त्याचा शेजारी. हिवाळ्यात मोठे उधाण आले, की सारी झुडपे पाण्याखाली जातात आणि हे दोघे जीव मुठीत धरून बांधाच्या उतारावर येतात. आणि वाट तरी कुठून जाणार? चिखलातून जाता येत नाही; तीही त्याच बांधावरून जाते! नेमक्या त्या घटकेला तिथे माणूस नि त्याचा कुत्रा आला, तर बिचारे आडोसा सोडून पळतात आणि वर घिरट्या घालणाऱ्या ससाण्याच्या दृष्टीस पडतात.

यावर आखणाऱ्यांनी काढलेली तोड साधी आहे. वाटेचे त्यांनी तीन प्रकार केले. एक कणा: उपसागराला वळसा घालणारी मुख्य वाट. दुसरा फाटा: कण्यापासून पाण्याकडे जाणारा आणि तिथेच संपणारा. तिसरी जोडवाट: गावाकडे किंवा डोंगराकडे नेणारी. जिथली जमीन नाजूक, तिथे कणा मागे सरकतो, प्रसंगी चक्क डांबरी रस्त्याच्या कडेने जातो. पाणी पाहायला एखादा फाटा पुढे काढतात, आणि तो संपला की माणसाने परत फिरायचे.

मे महिन्यात मी फ्रीमाँटला बहिणीकडे गेलो होतो, तेव्हा भाचीबरोबर जुन्या मिठागरांच्या एका बांधावर सायकलने गेलो. समोर पाणी, पलीकडे निळसर डोंगर, आणि बांध सरळ पुढे गेलेला; पण मध्येच फाटक लावलेले.

"मामा, इथून परत," ती सायकलवरून उतरत म्हणाली.

"पुढे तर बांध चांगला दिसतोय की!"

"चांगला आहे, पण आता पक्षी अंड्यांवर आहेत. पावसाळा जवळ आला की उघडतील."

तिथला पावसाळा हिवाळ्यात, हे मला जरा उशिरा आठवले. कोरड्या पडलेल्या मिठागरांत चिखल्याच्या जातीचा एक चिमुकला पक्षी उघड्या जमिनीवरच अंडी घालतो. अंड्यांचा रंग मातीचा. माणूस जवळ आला, की मादी उठते आणि डोमकावळ्यांना घरटे सापडते. फाटकापाशी शिपाई नव्हता, नुसती पाटी होती. मागून आणखी दोन सायकली आल्या, क्षणभर थांबल्या आणि निमूट वळल्या.

२००३ साली दक्षिण भागातली सुमारे १५,००० एकर मिठागरे सरकारी ताब्यात आली. ठिकठिकाणी बांध फोडून भरतीला पुन्हा आत घेण्याचे काम चालू आहे. बांध फुटला, की त्यावरची वाटही तुटते. लोकांना जवळची फेरी हवी असते, पाण्याला आपली जागा हवी असते. तेव्हा प्रत्येक बांधाबद्दल वाद होतो आणि तो झालाच पाहिजे. लोकांनी ही जमीन कधी पाहिलीच नाही, तर तिच्यासाठी उद्या भांडणार कोण? आणि सर्वांनी सगळीकडून पाहिली, तर भांडण्यासारखे उरणार काय?

हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही. ठाण्याच्या खाडीत २०१५ साली रोहित पक्ष्यांसाठी अभयारण्य झाले आणि २०२२ साली तिची गणना रामसर पाणथळांत झाली. तिच्या काठाने उद्या कुणी सायकलची वाट आखू लागले, तर मुंबई-ठाण्याच्या मुलांना ती जरूर मिळावी. फक्त आखणाऱ्याने नकाशावर पेन्सिल ठेवताना वाट कुठे थांबवायची, ती जागा आधी ठरवावी. तिथे एक बाक ठेवावा. बाकावर बसूनही रोहित चांगले दिसतात.