तिसऱ्या सूचनेला निसटणारी पहिली

लक्ष न टिकणाऱ्या मुलाच्या आईवडिलांना चहूकडून एकच सल्ला मिळतो: पोराची स्मरणशक्ती वाढवा. मग भिजवलेले बदाम, ब्राह्मीची बाटली, मोबाइलवरचे बुद्धीचे खेळ सुरू होतात. मला हा रोखच चुकलेला वाटतो. याच मुलाला मागच्या जत्रेतला पाळणा कोणत्या रंगाचा होता ते पक्कं आठवतं. विसरतं ते आत्ता सांगितलेलं काम. ‘वही काढ, तारीख घाल, तीन ओळी सोड आणि पाचवं गणित उतरव’ यातली तिसरी सूचना येईतो पहिली निसटलेली असते. मानसशास्त्रज्ञ ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी 1974 मध्ये जिला कार्यस्मृती म्हटलं, ती ही जागा: काम चालू असेपर्यंत माहिती धरून ठेवणारी. नेल्सन कोवन यांच्या 2001 च्या मांडणीप्रमाणे मोठ्या माणसांनाही तिथे एका वेळी चारेकच गोष्टी धरता येतात. लक्ष विचलित होणाऱ्या अनेक मुलांना ती आणखी अपुरी पडते. आपल्या खानदेशात त्यात एक भर पडते. घरी ‘कथा जाई ऱ्हायना’ (कुठं चाललास) ऐकणारं लहान पोर शाळेतली प्रमाण मराठी सूचना आधी मनात अहिराणीत फिरवतं, आणि तेवढ्यात हातातलं सांडतं. त्याला ‘ध्यान कुठंय तुझं?’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

ही जागाच सरावानं वाढवता येणार नाही का, हा प्रश्न रास्त आहे. स्वीडनमध्ये टॉर्कल क्लिंगबर्ग यांनी 2002 मध्ये संगणकावरच्या सरावाचे आशादायक निष्कर्ष मांडले आणि त्यातून मोठा बाजार उभा राहिला. पुढे 2013 मध्ये मेल्बी-लेर्वॉग आणि ह्यूम यांनी 23 अभ्यास एकत्र तपासले. सराव करणारे सरावातल्यासारख्या कामांत काही काळ सुधारले होते, पण वाचनात, गणितात किंवा लक्ष टिकवण्यात तो फायदा उतरल्याचा खात्रीलायक पुरावा मिळाला नाही. म्हणून माझं म्हणणं असं, की मुलाच्या डोक्यावरचा भार उतरवून तो डोळ्यांसमोर मांडावा. धुळे जिल्ह्यातल्या सोनगीरचे तांबट शतकानुशतकं याच रीतीनं काम करत आलेत. ठोकून ठोकून पत्रा कडक होतो, मग तो भट्टीत तापवून मऊ करायचा आणि पुन्हा ठोकायचा. पुढची पायरी हातातलं भांडंच सांगतं, ती घोकून ठेवावी लागत नाही. वर्गातही एका वेळी एकच सूचना, उरलेल्या फळ्यावर. घरी दप्तर भरायची चित्रांची यादी दारामागे.

यावर म्हणतात, अशा कुबड्यांनी मूल परावलंबी होईल. पण चष्म्यानं डोळे आळशी होतात असं आपण म्हणत नाही, आणि यादी रोज वापरता वापरताच तिचा क्रम अंगवळणी पडतो. दुसरा आक्षेप मला अधिक जड वाटतो: जुन्या पिढ्या पावकी-निमकीचे पाढे घोकूनच हिशेबात तरबेज झाल्या ना? झाल्या. त्यांच्या पाठांतराला चाल होती, रोजची उजळणी होती आणि म्हणून दाखवणं होतं. शेवटची गोष्ट फार मोलाची. रोडिगर आणि कार्पिकी यांच्या 2006 च्या प्रयोगात एकच उतारा चार वेळा वाचणाऱ्या विद्यार्थ्यांना आठवड्यानं सुमारे 40 टक्के आठवला. एकदा वाचून तीनदा आठवून पाहणाऱ्यांना 61 टक्के. प्रयोगातले विद्यार्थी महाविद्यालयीन होते, हे खरं. तरी पुस्तक मिटून दोन मिनिटं ‘काय वाचलंस, सांग’ असं विचारणं चुळबुळ्या पोरालाही झेपतं. तासभर एका जागी वाचत बसणं त्याला झेपत नाही.

भरलेल्या वर्गात एकटे गुरुजी एवढं कसं करणार, असंही विचारलं जातं. फळ्यावर चार ओळी लिहायला खडूचा तुकडा लागतो, आणि त्या ओळी मागच्या बाकावरच्या सगळ्यांनाच उपयोगी पडतात. ज्याचं एवढ्यानं भागत नाही, त्याला बालमानसोपचारतज्ज्ञाकडे न्यायलाच हवं. काही मुलांना औषधाची गरज असते, आणि ती ठरवणं बाटली विकणाऱ्याचं काम नाही.