गळाला लागलेली गाडी

मासे धरण्याचा नाद असलेल्या माणसाला आपल्याकडे फारशी प्रतिष्ठा नाही. गाण्याचा नाद असला तर लोक रसिक म्हणतात, पुस्तकांचा असला तर व्यासंगी म्हणतात, आणि पत्त्यांचा असला तरी निदान बोलका म्हणतात. पण रविवारी भल्या पहाटे काठी घेऊन निघालेला गृहस्थ दिसला, की शेजारीपाजारी एवढंच म्हणतात, "घरी काही काम नाही वाटतं!"

वास्तविक हा नाद राजमान्य आहे. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातला राजा तिसरा सोमेश्वर यानं इ. स. ११३०च्या सुमारास ‘मानसोल्लास’ नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. राज्यकारभारापासून स्वयंपाकापर्यंत सगळं त्यात आहे, आणि ‘मत्स्यविनोद’ या नावाखाली मासे गळानं कसे धरावेत हेही आहे. माशांच्या जाती, त्यांना घालायचं खाणं, दोरी, काठी, सगळं राजानं सविस्तर सांगितलं आहे. पाण्यापर्यंत जायचं कशानं, हा प्रश्न मात्र राजाला पडण्याचं कारण नव्हतं. तुम्हाआम्हाला तो पडतो. आमच्या घरात तर गेल्या वर्षी त्या एका प्रश्नानं दोन महिने मुक्काम ठोकला होता.

प्रश्न दिसतो तेवढा सोपा नाही. लग्नाला जायची गाडी सुंदर असली म्हणजे झालं. कचेरीला जायची गाडी वेळेवर चालू झाली म्हणजे झालं. पण मासे धरायला जायच्या गाडीच्या अपेक्षा एखाद्या उपवर मुलीच्या आईसारख्या असतात. एक पुरी केली की दुसरी पुढं येते. तिनं शंभर किलोमीटर हमरस्त्यानं निमूट पळावं आणि शेवटचा एक किलोमीटर बैलगाडीच्या चाकोरीतून जावं. तिच्यात काठ्या मावाव्यात. पेंडीचा, गांडुळांचा आणि चिखलाचा तिनं तिरस्कार करू नये. आणि परतताना ओल्या पोत्यात गुंडाळलेले मासे तिनं आपले मानावेत.

आमच्या अप्पांनी या अपेक्षांची पूर्तता एके काळी फार स्वस्तात केली होती. तरुणपणी त्यांचं वाहन म्हणजे सायकल, आणि लांब जायचं तर एस.टी. महामंडळाची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून नगरला गेली. तेव्हापासून आजतागायत त्या लाल गाडीनं माणसांबरोबर कोंबड्या, करंड्या आणि मडकी वाहिली आहेत. मग अप्पांची बांबूची काठी तिला काय जड? फक्त परतीच्या प्रवासात पिशवीला वास येऊ लागला, की आजूबाजूची बाकं आपोआप मोकळी होत. अप्पा त्याला सोय म्हणत.

मग लूना आली. १९७२ साली निघालेलं ते ५० सी.सी.चं चिमुकलं वाहन मासे धरणाऱ्यांसाठीच बनवलं होतं, अशी अप्पांची आजही पक्की समजूत आहे. मूठ आणि बैठक यांच्यामधल्या मोकळ्या जागेत बादली राही. काठी सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्टीनं अंगाला बांधता येई. पेट्रोल संपलं तर पायडल मारता येई, आणि बांध आडवा आला तर दोघांनी धरून लूना पलीकडे ठेवता येई. त्या दोघांपैकी दुसरा मी. मागच्या कॅरिअरवर, मांडीवर डब्याची पिशवी घेऊन, अप्पांच्या पाठीला नाक लावून मी कितीतरी पाणवठे पाहिले आहेत. घरात अप्पा फार बोलत नसत. पाण्याकाठीही बोलत नसत. पण तिथलं न बोलणं निराळं होतं. तंगूस बोटावर कशी धरायची, बूच नुसतं डुललं तर स्वस्थ बसायचं आणि एकदम बुडालं तर झटका द्यायचा, हे त्यांनी मला शब्दांवाचून शिकवलं.

गेल्या वर्षी अप्पांना एकोणऐंशीवं लागलं, आणि गुडघ्यांनी संप पुकारला. स्कूटरच्या मागं बसायचं म्हणजे पाय आडवा टाकायला हवा. तो पाय वर जाईना. तीन महिने काठ्या माळ्यावर पडून राहिल्या. अप्पा तक्रार करत नव्हते. रविवारी पहाटे सवयीनं उठत, चहा घेत आणि गॅलरीत रस्त्याकडे पाहत बसत. एकदा मला म्हणाले, "त्या काठ्या कुणाला तरी देऊन टाक. वाळवी लागेल." काठ्या फायबरच्या आहेत. त्यांना वाळवी लागत नाही, हे अप्पांनाही ठाऊक आहे. त्याच रात्री मी चारचाकी घ्यायचं ठरवलं.

घरात ताबडतोब समिती बसली. चिरंजिवांचं मत पडलं, की घ्यायची तर चारही चाकांना जोर असलेली, उंच, दणकट गाडी घ्यावी. तीच पाण्यापर्यंत जाईल. आमच्या हिचं म्हणणं असं, की गाडी वर्षातून वीस वेळा माशांना न्याल, पण तीनशे वेळा माणसांना न्यायची आहे, तेव्हा जिच्यात बसून नेसलेली साडी चुरगळणार नाही आणि जिला वास येणार नाही अशी घ्या. कन्येनं विजेच्या गाडीचा पुरस्कार केला. "लूनासुद्धा २०२४ साली विजेवर आली, बाबा!" ही बातमी ऐकून अप्पांच्या चेहऱ्यावर, जुना मित्र परदेशी जाऊन आल्याचं कळावं, तसा भाव उमटला. हमरस्त्यावर आता चार्जिंगची ठाणी झाली आहेत. पण आम्ही जातो तिथं बाभळीला प्लग नसतो, म्हणून तो ठराव पुढच्या गाडीवर ढकलला.

वासाच्या मुद्द्यावर मी थोडं शास्त्र सांगितलं. खाऱ्या पाण्यातल्या माशांच्या अंगात एक द्रव्य असतं. मासा मेल्यावर जंतू त्याचं ट्रायमेथिलअमाइन करतात, आणि आपण ज्याला मासळीचा वास म्हणतो तो मुख्यतः त्याचाच. आंबट त्याला मारतं. म्हणून तर आपल्या बायका माशांना लिंबू, चिंच, कोकम लावत आल्या. तळ्याच्या आणि नदीच्या माशांत ते द्रव्य फार थोडं असतं. तेव्हा आमच्या गाडीला धोका माशांपेक्षा आमच्या पेंडीच्या गोळ्यांचा अधिक होता. त्यावर उपाय साधा : खाली कापडी गालिचा नको, धुता येणारं रबरी अंथरूण हवं, आणि आमिषाचा डबा झाकणाला फिरकी असलेला हवा. मासे ओल्या गोणपाटात ठेवले की पाणी उडून जाताना गारवा राहतो, पण बंद मोटार उन्हात तापते, तेव्हा बर्फाची पेटीही हवी. हिनं एवढ्या अटींवर संमती दिली.

काठ्यांचा प्रश्नही सुटला. सात फुटी काठी दोन तुकड्यांची असते, म्हणजे लांबीला साडेतीन फूट. मागचं आसन दुमडणारी कुठलीही लहान मोटार तेवढी जागा देते. राहिला शेवटचा किलोमीटर.

आमचा आवडता पाणवठा म्हणजे उजनीचा फुगवटा, भिगवणच्या बाजूचा. धरण १९८० साली पुरं झालं. भीमेचं पाणी पावसाळ्यानंतर दूरवर पसरतं आणि उन्हाळ्यात मागं हटतं. मागं राहिलेल्या गाळावर शेतकरी पिकं घेतात. जमीन काळी. ही काळी माती मोठी मानी आहे. पाणी प्यायली की फुगते, आणि चाकाला अशी चिकटते की चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये बोट घालायला जागा उरत नाही. वाळली की तिच्या भेगांत काठीचं टोक जातं. ओल्या काळ्या रानात चारही चाकांना जोर असला तर गाडी पुष्कळदा एवढंच करते, की दोनाऐवजी चार ठिकाणी रुतते. चिरंजिवांनी हे मान्य केलं नाही, पण ते मुकाट्यानं ऐकून घेतलं.

आणि इथं मला एकदम सुचलं, की आम्ही सारे चुकीच्या टोकाला मोजत होतो. गाडी पाण्यापर्यंत जाईल का, हा प्रश्न दुय्यम. अप्पा गाडीत बसतील का, आणि बसले तर उठतील का?

घरातला आमचा दिवाण बावीस इंच उंच आहे. त्यावरून अप्पा कुणाचा हात न धरता उठतात. सोफ्यावरून उठत नाहीत. मग मी शिंप्याची टेप खिशात घातली आणि दुकानोदुकानी निघालो. विक्रेते घोड्यांची शक्ती सांगत, मी जमिनीपासून आसनाची उंची मोजत असे. एक तरुण विक्रेता अदबीनं म्हणाला, "सर, मायलेज विचारणारे पुष्कळ येतात, शिवणाऱ्यांपैकी तुम्ही पहिलेच." दुसऱ्या दिवशी अप्पांनाच बरोबर नेलं. उंच दणकट गाडीपाशी ते उभे राहिले आणि गडाच्या पायथ्याशी उभं राहून माथ्याकडे पाहावं तसं त्यांनी तिच्याकडे पाहिलं. बसक्या, देखण्या मोटारीत ते सहज बसले; बाहेर काढायला मी आणि तो विक्रेता असे दोघे लागलो. अप्पा ओशाळून हसले. ते हसणं मला पाहवलं नाही.

शेवटी जमलं ते एका उभट अंगाच्या, उंच टपाच्या लहान मोटारीशी. १९९८-९९च्या सुमारास सॅन्ट्रो आणि वॅगन-आर आल्या, तेव्हापासून या घाटाच्या गाड्या आपल्याकडे आहेत. दिसायला त्या डब्यासारख्या. मुलं नाक मुरडतात. पण हिच्यात चढावं लागत नाही आणि उतरावंही लागत नाही. नुसतं टेकायचं आणि पाय आत घ्यायचे. टेप लावली. दिवाणाला अगदी जवळ. अप्पा बसले, उठले, पुन्हा बसले. मग दाराच्या काठावर हात ठेवून त्यांनी विक्रेत्याला विचारलं, "मागं बादली राहील ना?"

शेवटच्या किलोमीटरचं आम्ही असं केलं : गाडीसाठी पाणवठा निवडला. डांबरी सडक पाण्याच्या शंभर पावलांवर येते अशी एक जागा हुडकली. जलाशयांचे ठेके पुष्कळदा मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतात, म्हणून आधी परवानगी घेतली. पावसाळ्याचा बेत रद्द. तेव्हा जमीनही नको म्हणते आणि मासेही अंड्यांवर असतात. मार्चमध्ये, माती घट्ट झाल्यावर, आम्ही गेलो. लांब पाण्यात रोहित पक्षी उभे होते. शंभर पावलांना अप्पांना दहा मिनिटं लागली. खुर्ची मी पुढं नेऊन ठेवली होती. काठी हातात आल्यावर मात्र त्यांना कुणाची गरज लागली नाही. दुपारपर्यंत तीन चिलापी लागले. चौथा, बहुधा मरळ, तंगूस घेऊन गेला, आणि अप्पांनी त्याला जी शिवी हासडली ती मी तीस वर्षांनी ऐकली. इतकी ताजी होती!

आता पावसाळा सरला आहे. पाणी अजून काठोकाठ आहे. ते मागं सरून जमीन वाळायला काही महिने जातील. गाडी खाली उभी असते आणि काठ्या तिच्यातच असतात. गुडघ्यांचे जे व्यायाम डॉक्टरांनी वर्षभर सांगूनही अप्पांनी कधी केले नाहीत, ते आता रोज सकाळी होतात. दूधवाला जाऊन आला की ते जिन्याचा कठडा धरून खाली जातात, गाडीचं दार उघडतात, दहा वेळा बसतात आणि दहा वेळा उठतात. वरून आमची ही मोजते.