वहिनी, टाकीला नाही म्हणू नकोस

सौ. वहिनीस,


परवा फोनवर पावसाच्या पाण्याच्या टाकीचं नाव काढलं आणि तू विषयच तोडलास. "शिळं पानी आमाला नको, झरा हाय तो बरा हाय." झरा आहे गं, पण कधीपर्यंत? शिमगा उलटला की धार बारीक होते. वैशाखात करवंटीने पाणी भरायचं, खड्ड्यात पुन्हा साचेपर्यंत हंडा मांडून बसून राहायचं, आणि मग डोक्यावर दोन हंडे, कमरेवर कळशी घेऊन ती चढण. गुडघे दुखतात हे दादालाही सांगत नाहीस. का?

माझ्या एप्रिलच्या परीक्षांना पहाटे घंगाळ भरलेलं असायचं. ते तू अंधारात आणलेलं असायचं. ते मी विसरेन, असं वाटतं तुला?

चीड येते ती एकाच गोष्टीची. पावसाळ्यात भीमाची काठी बघायला कुडपणात मुंबई-पुण्याच्या गाड्या येतात, धुक्यात समोरचं घर दिसत नाही. आणि उन्हाळा लागला की याच पोलादपूर तालुक्यात टँकर फिरतात. आपला डोंगर उताराचा, मातीखाली काळा कातळ. पडलेलं पाणी पऱ्याने नदीला, नदीतून समुद्राला. थांबतं कुठे?

बचत गटाची वही तूच लिहितेस, म्हणून हिशेबच मांडतो. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी. आपलं छप्पर ५० चौरस मीटर धर, पाऊस ३,००० मिलिमीटर धर. झाले दीड लाख लिटर. उडून, सांडून पाचवा हिस्सा गेला तरी १,२०,००० उरतात. जलजीवन मिशनचं माप माणशी रोज ५५ लिटर. त्या मापाने आपल्या पाच जणांना वर्षाला लाखभर लिटर पुरे.

मग घोडं अडतं कुठे? ऑक्टोबर ते मे. हे आठ महिने सगळा वापर छपराच्या पाण्यावर काढायचा तर सदुसष्ट हजार लिटरची टाकी लागेल. ती आपल्याला झेपणार नाही. बर्म्युडा नावाच्या बेटावर घरोघरी पांढरी दगडी छपरं आणि खाली टाकी असते, तसा कायदाच आहे. पाऊस आपल्या निम्म्यानेही नाही, पण बाराही महिने थोडाथोडा पडतो, म्हणून रिकामी झालेली टाकी पुन्हा भरते. उलट जैसलमेरला वर्षाकाठी जेमतेम २०० मिलिमीटर. तिथली माणसं टांक्यातलं पाणी पिण्या-रांधण्यापुरतं जपून वापरतात. आपला पावसाळा कोकणातला खरा, पण त्यानंतरचे कोरडे महिने त्यांच्यासारखेच. मग रीतही त्यांचीच बरी.

म्हणून मी मागतोय ती फक्त दहा हजार लिटरची, फेरोसिमेंटची टाकी. मार्च ते जून शंभर दिवस, रोज १०० लिटर. पिणं, स्वयंपाक, भांडी त्यात निघतील. धुणं आणि गुरं झऱ्यावरच राहतील, हे आधीच सांगतो. पण पहाटेच्या खेपा तरी सुटतील की नाही?

आणि शिळं म्हणतेस ते कशाला? भात चार महिन्यांत पिकतं, कणगीत भरून आपण वर्षभर खातो. त्याला कधी शिळं म्हणालीस? श्रावणात पागोळीखाली पातेली मांडून त्या पाण्याने तूच भांडी घासतेस. आपल्या महाडच्या गांधारपाले लेण्यांत भिक्षूंनी कातळात टाकी खोदली. रायगडावर गंगासागर आहे. एवढी राजधानी वर नांदली, ती साठवलेल्या पावसावरच ना?

खड्डे खणून पाणी डोंगरात जिरवा, असंही कोणी सांगेल. घरांच्या वरच्या उतारावर ते मला नको वाटतं. २२ जुलै २०२१ ला शेजारच्या महाबळेश्वरात एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. तेवढा आपल्या छपरावर पडला तर अशा दोन टाक्या भरून वाहतील. पण त्या दिवसाचा असा हिशेब करवत नाही. दरडी कोसळून तळियेची वाडी गेली, आपल्या तालुक्यात केवनाळे, सुतारवाडीत माणसं गेली. तेव्हापासून पाऊस वाढला की मी तुला रात्री फोन करतो आणि तू चिडतेस. चिड. पण आपल्या उतारांत आणखी पाणी मुरवण्यापेक्षा ते बंद टाकीत असलेलं बरं.

मिरगाचा पाऊस टाकीत घ्यायचा नाही, त्याने छप्पर धुऊन जाऊ दे. तोटीला बारीक जाळी, झाकण घट्ट. आत उजेड शिरला की शेवाळ धरतं, फट राहिली की डास होतात. भर हस्तापर्यंत घालत राहायची. प्यायचं पाणी मात्र उकळून घ्यायचं, तिथे आळस नको. पन्हळी मी मुंबईहून आणतो.

दादा म्हणतो, आधी माडीवरची खोली होऊ दे. मी म्हणालो, वहिनीला विचार. तुला घरात आजवर कोणी विचारलं नाही, म्हणून तू "आमाला सवय हाय" म्हणून गप्प बसतेस. या वेळी गप्प बसू नकोस. टाकी परसात हवी की अंगणात? फणसाखाली नको, पानं पडतील. चुलीपासून जवळ कुठे पडेल ते तूच ठरव आणि गणपतीला मी येईन तेव्हा जागा दाखव. गवंड्याला सांगून ठेवलंय. दिवाळीनंतर काम लावू, म्हणजे पुढच्या पावसाळ्याला टाकी तयार.

तुझा धाकटा दीर