याईराच्या घरातलं ताट



शनिवारी सकाळी आम्ही खंडेराव मार्केटला जातो. रविवारच्या मिस्सेसाठी वेदीवरची फुलं आणायची सेवा बरीच वर्षं आमच्या घराकडे आहे. समोर महानगरपालिकेची ती महालासारखी इमारत, मागे फुलं, भाजी आणि फळं. सयाजीराव महाराजांनी आपल्या कारभाराला पंचवीस वर्षं झाली तेव्हा, १९०६ च्या सुमारास, हे मार्केट बांधलं आणि त्याला खंडेराव महाराजांचं नाव दिलं. आम्ही मात्र त्याला 'मासीचं मार्केट' म्हणतो. फुलवाल्या मासी निशिगंध बांधता बांधता दर वेळी विचारतात, "बाबाने केम छे?"

बाबा म्हणजे आमचा धाकटा, वय वर्षं नऊ. पाचव्या वर्षी एका सकाळी तो डोळे सुजलेले घेऊन उठला. चिलट चावलं असेल, असं आम्हाला वाटलं. पण दोन दिवसांत पायही सुजले. डॉक्टरांनी नेफ्रोटिक सिंड्रोम सांगितला. यात मूत्रपिंडाची चाळणी सैल होते आणि शरीरातलं प्रोटीन लघवीवाटे वाहून जातं. औषध आहे, ते स्टेरॉइडचं. त्याने सूज उतरते, पण गाल फुगतात, भूक खवळते आणि पोरगं चिडचिडं होतं. बहुतेक मुलं मोठी होता होता यातून बाहेर पडतात, असं डॉक्टर सांगतात. तोपर्यंत दुखणं जातं आणि परत येतं.

म्हणून आमच्या घरी दिवसाची सुरुवात एका पट्टीने होते. सकाळच्या लघवीत पट्टी बुडवायची. पिवळी राहिली तर देवाचे आभार. हिरवी झाली तर किती हिरवी ते डबीवरच्या रंगांशी ताडून वहीत लिहायचं. गडद हिरवा सलग तीन दिवस आला, की पुन्हा गोळ्या सुरू. सूज असेतोवर लोणचं, पापड, लीलो चिवडा, शेव-उसळ सगळं बंद. त्या दिवसांत आम्हीही कमी मिठाचं जेवतो. त्याची ताई सुरुवातीला नाक मुरडायची, आता भावाच्या आधी तीच ताट पुढे ओढते.

इथवर सगळं ठीक होतं. पुढचं सांगायला आम्हाला लाज वाटते.

आमच्या पॅरिशची मुलं रविवारी संध्याकाळी पोलो ग्राउंडवर फुटबॉल खेळतात. धाकट्याला जायचं होतं. पट्टी कित्येक महिने पिवळी होती. तरी आम्ही म्हणालो, "डॉक्टर नाही म्हणतात, बेटा." त्याने निमूट ऐकलं. तो गॅलरीत बसून मोज्यांचा चेंडू भिंतीवर मारत राहिला. असं जवळजवळ वर्ष गेलं.

मग एका तपासणीला त्याने आमच्याकडे न बघता डॉक्टरांनाच विचारलं, "अंकल, मला फुटबॉल कधी खेळता येईल?" डॉक्टर चकित झाले. "मी कधी नाही म्हटलं? सूज नाही, पट्टी साफ आहे. पळ की!"

घरी येताना स्कूटरवर कोणी बोललं नाही. मार्केटच्या वळणावर मागून हळूच आवाज आला, "पप्पा, तुम्हीच शिकवता ना, खोटं बोलू नये?"

दर रविवारी तीस मुलांना दहा आज्ञा शिकवणाऱ्या घराकडे त्याचं उत्तर नव्हतं.

त्या रात्री आम्हा दोघांना झोप आली नाही. आम्हाला आमचे लहानपणीचे दिवस आठवले. १९९४ च्या विश्वचषकाची अंतिम लढत आम्ही पॅरिशच्या पोरांनी रात्री एक वाजता जागून टीव्हीवर पाहिली होती. बाज्जिओने पेनल्टी गोलवरून मारली आणि ब्राझील जिंकलं. दुसऱ्या दिवसापासून आम्ही सगळेच बाज्जिओ! आमच्या संघात एक दम्याचा मुलगा होता. पाच मिनिटं पळाला की त्याला धाप लागायची. त्याची आई मैदानाच्या कडेला पंप आणि पाण्याची बाटली घेऊन बसायची. आमचे फादर प्रत्येक सामन्यात त्याला दहा मिनिटं उतरवायचेच. तो दमला की आईकडे यायचा, पंप घ्यायचा आणि परत जायचा. आम्ही हसायचो तिला. आज कळतं, त्या माउलीने भीती मांडीवर धरली होती आणि मुलाला मात्र सोडलं होतं. आम्ही उलटं केलं. भीती मोकळी सोडली आणि मुलाला धरून ठेवलं.

पुढच्या रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गात याईराचा धडा होता. संत मार्कच्या पाचव्या अध्यायातली ही गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. बारा वर्षांची मुलगी गेली म्हणून घर रडतंय. प्रभू तिचा हात धरतो, ती उठून चालू लागते. आम्ही दर वर्षी इथेच थांबायचो, कारण चमत्कार झाला. पण प्रभू तिथे थांबत नाही. सगळे थक्क झालेले असताना तो घरच्यांना पोरीला जेवू घालायला सांगतो. म्हणजे आता हिच्याकडे मेलेली, आजारी म्हणून बघू नका. हिला भूक लागली आहे, हिला तिचं ताट द्या, तिचं रोजचं आयुष्य तिला परत द्या. बरं करणं प्रभूचं काम होतं, पण परत देणं आईबापांचं. तेच आम्ही अडवून बसलो होतो.

आम्ही पापनिवेदन केलं. त्याआधी धाकट्याची माफी मागितली. तो म्हणाला, "चालेल. पण शूज घ्यावे लागतील."

त्याला गोलकीपर केलं. आम्ही त्याला सांगितलं, संत योहान पॉल दुसरे लहानपणी पोलंडमध्ये गोलकीपरच होते. पुढे आजाराने थरथरणारे हात त्यांनी कधी लपवले नाहीत. ११ फेब्रुवारी हा जागतिक रुग्णदिनही त्यांनीच १९९२ साली ठरवून दिला. धाकट्याने एवढंच विचारलं, "त्यांनी किती गोल अडवले?"

पहिल्या दिवशी त्याने चार गोल खाल्ले आणि एक अडवला. घरी तो एकच सांगितला गेला.

महिन्याभराने सर्दी झाली आणि पट्टी हिरवी आली. आमच्या मनात लगेच 'फुटबॉल' आलं. डॉक्टर म्हणाले, सर्दीमुळे असं होतं, खेळामुळे नाही. गोळ्या सुरू झाल्या, गाल पुन्हा फुगले. त्या रविवारी मुलं घरी आली आणि विचारून गेली, "गोलकीपर कधी येणार?" आधीच्या वर्षभरात असं कोणी विचारलं नव्हतं. विचारणार तरी कसं? आम्ही त्याला कोणाचा काही होऊच दिलं नव्हतं.

आज शनिवार. मासींनी निशिगंधाबरोबर एक गुलाब वेगळा दिला, "बाबा माटे." पट्टी तीन दिवस पिवळी आहे. उद्या संध्याकाळी आम्ही मैदानाच्या कडेला बसू, पाण्याची बाटली घेऊन.

प्रभू येशू, तू आमचं लेकरू आमच्या हाती दिलंस. त्याला जपताना त्याचं ताट, त्याचे सोबती आणि त्याचा खेळ आमच्या भीतीने हिरावू नये, एवढी श्रद्धा आम्हाला दे. ज्या घरांत आज पट्टी हिरवी आहे, त्या घरांजवळ राहा. आमेन.