तेरा टेकड्या आणि एक कांडी

पुण्यात जन्म काढून सिंहगड न पाहिलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. पण गडावर जाणे वेगळे आणि कात्रजहून डोंगरांच्या माथ्यामाथ्याने रात्रभर चालत गड गाठणे वेगळे. कात्रजच्या जुन्या बोगद्यापाशी चढायला लागायचे, तेरा टेकड्या चढायच्या नि उतरायच्या आणि पंधरा-सोळा किलोमीटर पायाखाली घालून गडाच्या गाडीरस्त्याला लागायचे. तरुण मंडळींनी या वाटेला ‘के टू एस’ असे नाव दिले आहे. मराठीच्या प्राध्यापकाला ते रुचणे कठीण. वाट मात्र कित्येक वर्षे मनात होती.

गेल्या वर्षी आश्विन वद्य अष्टमीला पुतण्याने मला बरोबर घेतले. आम्ही नऊ जण होतो, त्यांत चाळिशी उलटलेला मी एकटा. बोगद्याजवळ त्याने पिशवीतून वितीएवढ्या प्लॅस्टिकच्या नळ्या काढल्या.

“काका, ही तुमची ग्लो स्टिक.”

विसर्जनाच्या मिरवणुकीत पोरे मनगटात चमकती कडी घालून हिंडतात, त्यांतलाच हा प्रकार. मी म्हटले, “अरे, आपण गडावर चाललोय की मिरवणुकीला?”

सगळे हसले. पुतण्या रसायनशास्त्राचा, तो हसला नाही. नळीत एक द्रव असतो आणि त्यात काचेची नाजूक कुपी. कुपीत हायड्रोजन पेरॉक्साइड. नळी वाकवली की कुपी फुटते, दोन्ही द्रव एकत्र येतात आणि त्यांतले रंगद्रव्य उजळते. ज्योत नाही, ठिणगी नाही, आच नाही. पावसात विझत नाही, पाण्यात बुडवली तरी विझत नाही. गॅस गळत असलेल्या घरात काडी ओढणे म्हणजे सर्वनाश. तिथे ही चालते. अमेरिकेतल्या रसायनशास्त्रज्ञांनी 1960 च्या दशकात हे साधले. (राजमाचीच्या काजव्यांना ते त्याच्या फार आधी साधले होते, हे मी मनातल्या मनात म्हणून घेतले.)

“पुढच्याकडे हिरवी, शेवटच्याकडे नारिंगी, बाकीच्यांनी पिवळी. सॅकच्या पाठीमागे बांधायची. पुढे बांधली तर आपलेच डोळे दिपतात. वाट बघायला बॅटरी आहे. ही बघायला नाही, दिसायला आहे.”

मी कांडी न मोडता खिशात टाकली. पोरखेळ!

चालताना उजव्या हाताला पुणे पसरले होते; डाव्या हाताला खेड-शिवापूरकडची वाहने मुंग्यांसारखी सरकत होती. समोर सिंहगडावरच्या दूरदर्शनच्या मनोऱ्याचे तांबडे दिवे. ते तासाभराने पाहिले तरी तेवढेच दूर.

कितवी टेकडी होती कोण जाणे. मी कोणाला न सांगता आडोशाला गेलो. बरोबर दोन मुली होत्या, सांगायचे तरी कसे? माझ्या पाठीवर उजेड नसल्याने नारिंगी कांडीवाला माझ्यावरून खुशाल पुढे निघून गेला. परतताना मुरमावरून पाय सटकला, मी बसकण मारली आणि हातातली बॅटरी खडखडत खाली गेली. तो आवाज बराच वेळ येत राहिला. मोबाईलने तर संध्याकाळीच मान टाकली होती. हाका मारल्या, वाऱ्याने त्या कात्रजकडे परत नेल्या. चंद्र उगवायला अवकाश होता. पाऊल टाकावे तर जमीन आहे की नाही, हेच कळेना. घरची माणसे डोळ्यांपुढे आली. खोटे कशाला सांगू, मी रडकुंडीला आलो होतो.

मग खिसा आठवला. कट् असा आवाज झाला आणि हातात पिवळा उजेड फुलला. त्यात पहिल्यांदा दिसले ते हे, की माझ्या बुटापासून हातभर अंतरावर उतार तुटला होता. मी होतो तिथेच राहिलो. बुटाची नाडी सोडली, कांडीला बांधली आणि डोक्यावर गरगर फिरवू लागलो. हात भरून आला तरी फिरवत होतो.

पलीकडच्या टेकडीवर आठ ठिपक्यांची ओळ चालली होती. ती थांबली. थोड्या वेळाने त्यांतल्या हिरव्या ठिपक्याचे वर्तुळ झाले.

गड घेतल्यावर मावळ्यांनी पागेची गवती घरे पेटवली आणि तो उजेड राजगडावरून महाराजांनी पाहिला, असे सभासदाने लिहिले आहे. 1670 सालचा हा प्रसंग मी वर्गात दोन मिनिटांत उरकतो. त्या रात्री मात्र समोर तोच सिंहगड होता, आणि राजगडावर वाट पाहणाऱ्यांना तो उजेड कसा दिसला असेल, ते मला थोडेसे कळले.

पुतण्या आला. एक शब्दही बोलला नाही. नाडी सोडवून त्याने कांडी माझ्या सॅकला पाठीमागे बांधली आणि मला दुसरा नंबर दिला.

चंद्र वर आल्यावर एका माथ्यावर विसावलो. पोरांनी उरलेल्या बारीक कांड्यांची कडी जोडली आणि जमिनीत काठी रोवून ती तिच्यावर फेकण्याचा डाव मांडला. एकाने कांडी दातांत धरली, तेव्हा पुतण्या त्याच्यावर खेकसला: फुटली तर द्रव तोंडात जाईल, काचेची कणी जाईल, डोळ्यांत उडाला तर आधी भरपूर पाण्याने धुवायचे. मीही चार कडी फेकली. चारही हुकली.

सकाळी गडावर पिठले-भाकरी आणि मडक्यातले दही खाल्ले. पुतण्याने सगळ्या कांड्या मोजून पिशवीत भरल्या. आत काच असते, गडावर टाकायच्या नाहीत. माझी मात्र मी मागून घेतली. गारठ्यात तिचा उजेड मंदावतो पण जास्त दिवस पुरतो, असे कळल्याने घरी येऊन ती थेट फ्रीजरमध्ये ठेवली.

“मटारांशेजारी हे काय विष ठेवलंय?” हिने विचारले. मी मुकाट्याने कांडी झाकणाच्या डब्यात घातली. तिसऱ्या रात्री निजानीज झाल्यावर डबा उघडला. अंधारच होता. कांडी बराच वेळ मुठीत धरून बसलो, तेव्हा बोटांच्या फटींतून पुसटसा पिवळा उजेड दिसू लागला.